न करपलेली भाजी

"करपलीये गं ही," ती बाई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण टाकून तिनं ते ओट्याच्या कडेला सारलं.

भाजी करपली नव्हती. मीच केली होती. बटाटा, फ्लॉवर, वाटाणा. तेल नावाला, पाणी अजिबात नाही. चमच्यानं बाजूला केली की पातेल्याचा तळ लख्ख दिसत होता. ते पातेलं विकायचंच मुळी त्या गुणावर होतं. ह्यात काहीच करपत नाही, हे सांगत आम्ही मेलबर्नभर घरोघरी फिरत होतो.

मधुरा पुढे आली. माझी मैत्रीण. तिनं झाकण उचललं, आत बघितलं आणि म्हणाली, "हो वहिनी, जरा लागलीये खाली. मी दुसरी करते ना."

माझ्या हातातला चमचा तिनं घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

आम्ही तिघी नाशिकच्या. मधुरा गंगापूर रोडची, ईशा इंदिरानगरची, मी एकलहऱ्याची. पप्पा पॉवर हाऊसला कामाला, म्हणून माझं सगळं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. इंजिनिअरिंगला तिघी एकाच वर्गात होतो. फिरता फिरता काम करता येतं असा ऑस्ट्रेलियाचा एक व्हिसा असतो. त्याची सोडत निघते. नशिबानं तिघींचाही नंबर लागला. त्या दिवशी आम्ही कॉलेज रोडवर एका स्कूटीवर तिघी बसून बोंबलत फिरलो होतो. नोकऱ्या सोडल्या, पाठीवर सॅक टाकल्या आणि निघालो. थोडे दिवस काम करायचं, थोडे दिवस हिंडायचं, असं ठरलं होतं.

मेलबर्नला पहिलं काम मिळालं ते हे भांडी विकायचं. महागाची स्टीलची भांडी. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, त्यांच्याच स्वयंपाकघरात शिजवून दाखवायचं आणि त्यांच्याबरोबर टेबलाला बसून जेवायचं. शिकवणारा गोरा माणूस बजावून सांगायचा, उभ्यानं विकू नका, बसा, जेवा, जेवताना माणूस नाही म्हणत नाही. आम्ही कामं वाटून घेतली. बोलायचं मधुरानं. कागदपत्रं ईशाकडे. शिजवायचं मी. मधुराच म्हणाली होती, "तुझ्या हाताला चव आहे यार."

ती बाई माहेरची पंचवटीची निघाली. दारातच तिनं विचारलं, "अय्या, नाशिकच्या का तुम्ही?" आणि तिघींना मिठ्या मारल्या. मलाही. मग तिचं सुरू झालं. पंचवटीतला भाजीबाजार, मिसळ, पुलावरचं ट्रॅफिक, इकडे कशी चांगली मेथी मिळत नाही. मी ओट्याशी बटाटे चिरत होते आणि हसत होते. परक्या मुलखात इतकं घरच्यासारखं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

भाजी जवळजवळ झाली होती. वेळ बघायला मी फोन ओट्यावर ठेवला होता. तो वाजला. माझे हात कणकेत. पप्पांचं नाव स्क्रीनवर.

"उचल गं, घरून दिसतोय," बाई म्हणाली आणि तिनंच बोट लावून स्पीकर सुरू केला.

"जय भीम बेटा! जेवली का? लय थंडी हाय म्हनं तिकडं. स्वेटर घालत जा."

"जय भीम पप्पा. कामात आहे, नंतर करते."

एवढंच बोलणं झालं. फोन बंद झाला. बाईचं मेथीपुराण मध्येच थांबलं. तिनं टिश्यू घेऊन स्वतःचं बोट पुसलं. मग गोड आवाजात म्हणाली, "तू बस ना आता, दमली असशील. मैत्रिणीला करू दे."

मी म्हटलं, दमले नाही, झालीच आहे भाजी. तेव्हा ती करपली.

त्या भाजीसकट पातेलं माझ्या हातात आलं. भाजी मी कचऱ्यात टाकली. पातेलं घासलं. मग बाईनं ते माझ्या देखत पुन्हा घासलं आणि मधुराच्या हातात दिलं. म्हणजे खरकटं मी काढलेलं चालत होतं. शिजवलेलं चालत नव्हतं.

जेवायला टेबलाशी सहा खुर्च्या होत्या. बाई, तिचा नवरा, मधुरा, ईशा. दोन रिकाम्या. "तू सोफ्यावर बस ना, निवांत," बाई म्हणाली आणि मला कागदी प्लेट दिली. त्या चौघांना स्टीलची ताटं होती. मी प्लेट मांडीवर घेऊन बसले. घास तोंडात गेला नाही. तिकडे मधुरा सांगत होती, "ह्या भांड्यात काही करपतच नाही, वहिनी." बाई मान डोलवत होती. ईशा ताटात बघून जेवत होती.

त्यांनी सगळा संच घेतला. ज्यात भाजी करपली होती, त्या पातेल्यासकट. शिवाय बाईनं आपल्या एका मैत्रिणीचा नंबर दिला. तीही मराठी, तिच्याकडेही जा म्हणाली.

परतताना ट्रेनमध्ये बसलो. मीच तोंड उघडलं.

"भाजी करपली होती का मधुरा?"

"अगं, गिऱ्हाईक आहेत. आपण काय त्यांना सुधारायला आलोय का?"

"करपली होती का?"

"तू फोन स्पीकरवर कशाला घेतलास पण?"

"मी नाही घेतला. त्यांनी घेतला."

"बरं, घेतला. मग साधं हॅलो म्हणता येत नाही का? नेहमी ते म्हणायलाच हवं का?"

ईशा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर अंधार पडला होता आणि काचेत तिला आमचेच चेहरे दिसत असणार. तरी ती वळली नाही. रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. सहा वर्षांची मैत्री. एका ताटलीत वडापाव खाल्लेल्या पोरी आम्ही, असं मी धरून चालले होते.

हॉस्टेलला आमच्या खोलीत दोन मजली पलंग होते. मधुरा वरच्या पलंगावर, मी खालच्या. तिच्या वजनानं आलेला गादीचा फुगवटा माझ्या तोंडाच्या वर हातभर अंतरावर. इतकी जवळ. आणि मला त्या अख्ख्या शहरात एक माणूस नव्हता ज्याला मी हे सांगू शकले असते. पप्पांना फोन केला. काम मस्त चाललंय, असंच सांगितलं. ते खूश झाले. पॉवर हाऊसमध्ये पोरगी ऑस्ट्रेलियाला असल्याचं ते सगळ्यांना सांगत होते.

दुसऱ्या घरी, त्या बाईच्या मैत्रिणीकडे, जायचा दिवस आला. निघताना मधुरा केस बांधता बांधता म्हणाली, "आज मी शिजवते. तू भांडी धुणं आणि पॅकिंग बघ. मराठी घरं असली की असंच करू. बाकीच्यांकडे तू कर की."

"का?"

"का ते तुला कळतंय."

"तू सांग."

"प्लीज यार, विषय वाढवू नकोस. उरलेली ट्रिप ह्याच्यावर आहे."

माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. ह्या दोघी, किंवा मी. गप्प राहून भांडी घासली असती तर समुद्र, डोंगर, फोटो, सगळं तिघींचं झालं असतं. परक्या देशात एकटं पडायची मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू, फार वाटत होती.

दार उघडलं. आमच्यापेक्षा थोडी मोठी बाई, हसरी, ओढणी खोचलेली. "या, या!" मधुरा वाकून बूट काढायला लागली. मी नाही वाकले.

"ताई, आत यायच्या आधी सांगते," मी म्हणाले. "मी बौद्ध आहे. आज स्वयंपाक मी करणार आणि तुमच्याबरोबर टेबलाला बसून जेवणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा. मी बूट काढत नाही."

बोलले एकदाचं सगळं.

बाईचं हसू तसंच राहिलं. "अहो, आम्ही असलं काही मानत नाही," ती म्हणाली. मग तिनं माझ्यावरून नजर काढली आणि विचारलं, "तुमच्यातली मधुरा कोण? वहिनी म्हणाल्या, तिलाच करू दे."

उत्तर मिळालं.

"ड्रामा करू नकोस," मधुरा दात आवळून म्हणाली. तिचा एक बूट पायात, एक हातात. मी फाटकाकडे चालू लागले. कोपऱ्यावर थांबले. ईशा येईल असं मला वाटत होतं. निदान ईशा. बराच वेळ थांबले. दार लावल्याचा आवाज आला, मग दुसरं काही आलं नाही.

त्याच दिवशी मी हॉस्टेल सोडलं. पुढचे महिने एकटीनं काढले. एका गावात चेरी पॅक केल्या, एका मोटेलात चादरी बदलल्या. समुद्र बघितला. बघून 'बघ ना' म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. पार एकटी होते. फोनमध्ये त्या दोघींचे फोटो यायचे, टोप्या, चष्मे, हसू. मी ते बघायचे आणि फोन उपडा ठेवायचे.

आता नाशिकला परत आलेय. परवा मधुराचा मेसेज आला. "तिकडचं तिकडे सोड यार. रविवारी घरी ये, आई जेवायला बोलावतेय."

मी आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती आपल्याकडं कधी जेवली का गं?"

मी आठवू लागले. कितीदा आली होती मधुरा. सबमिशनला, वाढदिवसाला, उगाच.

"पोहे केले की उपास निघायचा तिचा," आई म्हणाली. "चहा दिला की ॲसिडिटी. दुकानातलं बाटलीतलं थंड आणलं की प्यायची. मला ठाऊक होतं. तुझी एवढी जीवाची मैत्रीन, म्हनून नाय बोलले."

सहा वर्षं माझी आई ओट्याशी उभी राहून हे बघत होती. गिळत होती. आणि मला वाटत होतं, हे मेलबर्नला घडलं.

मी मधुराला लिहिलं: "तिकडचं नव्हतं ते. माझ्या घरात बसून तू तेच करत होतीस. माझ्या आईच्या हातचं जेवायला ये. तिच्यासमोर बस आणि पोटभर जेव. तोवर तुझ्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही."

दोन निळ्या खुणा आल्या. मी उत्तराची वाट बघत नाहीये. जो माझ्या आईच्या हातचा घास खाणार नाही, त्याच्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही. मग तो गिऱ्हाईक असो, साहेब असो, जीवाची मैत्रीण असो. एकटीनं जेवायची सवय मला झालेली आहे.