तांबड्या झेंडीची गाठ

गजाननराव पाटणकर म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातही खडा शोधणारे गृहस्थ. प्रेमनगरच्या रेल्वे कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. कोळशाची इंजिनं धावत होती तेव्हाची गोष्ट. ते मालगाडीवर गार्ड. वॅगनचं सील ओढून बघायचं ही त्यांची नोकरी, पण घरीही तेच चालायचं. जयसिंग दूधवाल्याच्या भांड्यात बोट बुडवायचे, बाजारात टोमॅटो एकेक दाबून, हुंगून घ्यायचे. ड्यूटीवरून आले की बायकोला, सरलावहिनींना, पहिला प्रश्न, "कोण आलं होतं?" एक कप जास्त विसळलेला दिसला तरी उलटतपासणी. मला मेला असा राग यायचा! पण वहिनी मुकाट उत्तर द्यायच्या.

त्यांच्या तांबड्या झेंडीच्या कोपऱ्याला कायम एक गाठ असायची. का म्हणून विचारलं, तर म्हणे कोणी बदलू नये म्हणून खूण. आता झेंडी कोण बदलणार, कपाळ? पण संशयी माणसापुढे डोकं कोण फोडणार. मी सोडून दिलं.

त्यांची एकुलती एक लेक सिंधू बी.एस्सी.ला होती, कॉलनीतल्या पोरांसारखं मधेमधे हिंदी बोलायची. एक दिवस कॉलेजातून आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. हातात कागद, त्यावर चौकटी आखलेल्या.

"उषाकाकू, जरा देखो ना. माझं काही चुकतंय का?"

मी म्हटलं, "बाई गं, मला भाकरी थापण्यापलीकडे गोल येत नाही, तुझे चौकोन काय कळणार?"

तरी तिने समजावलं. वर्गात सगळ्यांना रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली होती. ठिपक्यांत आकडे लपलेले. इतरांना दिसले, हिला दिसले नाहीत. हिला म्हणे तांबडं-हिरवं वेगळं कळत नाही. मग मास्तरांनी फळ्यावर गणित घातलं. मुलगी रंगांधळी, तर आईबाप कसे? मुलाला हा दोष एकट्या आईकडून आला तरी पुरतो. मुलीला मात्र दोघांकडून यावा लागतो. आईत तो झाकलेला राहू शकतो, बापात झाकता येत नाही. बापाकडे असला तर दिसणारच.

"म्हणजे बाबा रंगांधळे हवेत," सिंधू म्हणाली. "पण बाबा तो गार्ड हैं. रेल्वेने डोळे तपासून पास केलंय. मी वर्गात तेच बोलले. मग मागे कोणीतरी हसलं."

माझ्या हातातला गोळा हातातच राहिला. पोरीला अजून कळलं नव्हतं ती काय बोलून आली ते.

संध्याकाळी गजाननराव अंगणात बूट घालत होते. तिने तो कागद त्यांना दाखवला. मी कुंपणाशी होते. त्यांनी कागद बराच वेळ धरला आणि परत दिला. "चुकलंय कुठेतरी. पुन्हा सोडव," म्हणाले आणि डबा उचलून निघाले. तिने पुन्हा सोडवलं, परत परत सोडवलं. चौकटी तेच सांगत होत्या.

सिंधूच्या वर्गात राधाबाईंची कमल होती. राधाबाईंचे यजमान गार्डांच्या ऑफिसात हेडक्लार्क, त्यामुळे त्यांच्या तोंडून निघालेलं कॉलनीत पंचांगासारखं मानलं जायचं. बाप तपासलेला, म्हणजे खोट आईत, असा हिशोब नळावर झाला. मग शोध सुरू झाला रंग न कळणाऱ्या पुरुषाचा. बिचाऱ्या जयसिंगने कधीतरी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातले होते, तेवढ्यावरून त्याचं दूध अर्ध्या कॉलनीने बंद केलं. मी तोंडाने हुडूत म्हटलं, पण खरं सांगते, मीही त्याच्या पायांकडे बघितलं.

सरलावहिनी वाळत चालल्या. नवरा काहीच बोलेना. "कोण आलं होतं?" हेही विचारेना. वहिनी मला म्हणाल्या, "त्यांनाही तसंच वाटत असेल हो." आणि पदरात तोंड खुपसून रडल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. मी वहिनींना ओढून आणलं. त्या कुंकू लावायला वाकल्या, तशी राधाबाईंनी मान बाजूला केली. सगळ्या बायकांनी बघितलं. वहिनी करंडा ठेवून उठल्या.

तेवढ्यात दारात गजाननराव. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुष! हातात दोन्ही झेंड्या. तांबडीची गाठ सोडलेली. त्यांनी हात पाठीमागे नेऊन झेंड्यांची अदलाबदल केली, पुढे धरल्या आणि म्हणाले, "यातली तांबडी कुठली, मला सांगता येत नाही. जन्मापासून येत नाही. राधाबाई, आज घरी यजमानांना हे सांगा."

मी विचारलं, "मग पास कसे झालात?"

"ठिपक्यांचं पुस्तक डॉक्टर एकाच क्रमाने उलटायचे. बाहेर आलेल्याकडून आकडे पाठ करून आत गेलो. दर तपासणीला तेच. कंदिलाची काच फिरवायची मूठ किती वळली त्यावरून त्याचा रंग ओळखायचो, सिग्नल ड्रायव्हरच्या शिट्टीवर."

एवढी वर्षं हा माणूस गाडीच्या शेपटाशी अंदाजाने उभा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. स्वतः फसवत होता, म्हणून दुधापासून बायकोपर्यंत सगळ्यांत फसवणूक दिसायची.

राधाबाईंनी खाली मान घालून कपाळ पुढे केलं. वहिनींनी त्यांना कुंकू लावलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"सिंधूने कागद दाखवला, त्याच दिवशी कळलं होतं ना तुम्हाला?"

गजाननराव झेंड्या गुंडाळत राहिले.

गार्डाची नोकरी गेली. पार्सल ऑफिसात बसवलं, पगारही उतरला. जयसिंगचं दूध पुन्हा सुरू झालं. "कोण आलं होतं?" आता ते कधीच विचारत नाहीत. आता सरलावहिनी विचारतात, वाढता वाढता, अगदी शांतपणे, "आणखी काय लपवलंय?"

ते म्हणतात, "काही नाही."

वहिनी ताटात भात वाढतात, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात.