डिकीतलं बोचकं

आमच्या ह्यांनी कारखान्यातल्या साहेबाची जुनी मोटार घेतली. अंबरनाथहून बदलापूरला जायचं तरी डिकीत जॅक, स्टेपनी, दोरखंड, पाण्याचा डबा हवाच. त्यावर गोणपाटाचं एक बोचकं. मला सातवा महिना होता आणि माझ्या पिशवीला जागा नव्हती. मी वैतागून विचारलं, "हे आणखी काय?"

"लागेल," म्हणाले.

बेलवलीच्या अलीकडे गाडी बंद पडली. बॉनेटमधून वाफ येत होती, पण ह्यांनी आधी बोचकं सोडलं. आत माझा जेवणाचा पाट! तो सापडत नाही म्हणून मी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. तो झाडाखाली मांडून म्हणाले, "तू बस. गाडीचं मग बघतो."

पुढे मोटार विकली, तेव्हा डिकीतलं सगळं तिच्याबरोबर गेलं. पाट मी दिला नाही.