तोंडात तीन बोटं

आमच्या मिरजगावाकडं दर साली डाक्तरकीची पोरं घेऊन एक पिकल्या केसांच्या प्रोफेसरबाई येत्यात. नाव ठावं न्हाई. सगळी मॅडम म्हनत्यात. कुनाच्याबी घरात गेल्या की आदी खाली बसनार, चहा पेनार, मंगच पोरांना बोलू देनार.

त्या दिवशी मी पारावर तंबाखू-सुपारीचा मावा चोळत बसल्तो. पोरांना म्हनलं, "मला सुई नका टोचू, वाकंल." समदी हसली. मॅडम शेजारी मांडी घालून बसल्या.

"मामा, तोंडात तीन बोटं उभी घाला बरं."

एकच गेलं.

"मावा कधीपासून खाताय?"

"दात यायच्या आदीपास्नं."

आता त्या हसल्या न्हाईत. "असंच चालू ठेवलं तर तोंड मिटत जाईल, कॅन्सरही होईल. मग ह्या पाराला कोण हसवणार, मामा?"

आजवर मला सगळ्यांनी गप बस म्हनलं हुतं. बोलत ऱ्हा म्हननारं मानूस पयलंच. मावा तिथंच टाकला.

आता मॅडम आल्या की मला पोरांम्होरं बसवत्यात. "हे आज तुमचे सर." मी बोट घालून दावतो. शाळेनं मला दुसरीतच हाकललं, अन् आता मी डाक्तरांना शिकवतोय, तेबी धड तोंड न उघडता.