इंग्लंडचा बंद फोन

माझ्या आईला फोनवर ‘हॅलो’ म्हणायची सवय कधी लागलीच नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘आत हाईस का बाहेर?’ अकरावीला क्लाससाठी मी लातूरला राहायला गेले, तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी या प्रश्नाचं उत्तर देत होते. ‘बाहेर,’ असं सांगायचे. ते खोटं असायचं. टेलिफोनचा बूथ एका तीन मजली इमारतीच्या पोटात होता आणि मी पार आतल्या बाकावर बसलेली असायचे. पण ‘आत’ म्हटलं की पुढे दहा प्रश्न यायचे: वर काय हाय, स्लॅब हाय का पत्रा, दार कुठं हाय. सकाळी साडेसातला फिजिक्सचा तास असताना एवढी उत्तरं कोण देणार?

आमचं गाव औशाच्या पलीकडे. भूकंपात ते पडलं आणि नंतर थोडं अलीकडे नवं बसवलं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची होते, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. आम्ही सगळे अंगणात निजलो होतो. भावाला सर्दी झालेली, बाहेर गार वाटतंय म्हणून आईनेच त्याला उचलून आत नेऊन निजवलं. एवढंच. माती आणि दगड खाली आले त्यानंतरही बराच वेळ त्याचा आवाज येत होता, पण ढिगाऱ्यात नेमका कुठून येतोय ते कुणालाच कळेना. हे मला वडिलांनी एकदाच सांगितलं. आई त्यावर कधी बोलली नाही. ती फक्त परत कधी छताखाली निजली नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत, एरवी अंगणात. गावात अशा आणखी बायका होत्या, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

अशा बाईने मला लातूरला पाठवलं ते वडिलांच्या हट्टामुळे. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, आणि त्या काळी आमच्याकडे प्रत्येक मास्तराला आपलं लेकरू डॉक्टर झालेलं दिसायचं. आईने एकच अट घातली, रोज सकाळी पोरीचा आवाज आला पाहिजे. गावात फोन होता पिठाच्या गिरणीत. मी तिथे फोन करायचे आणि आई गिरणीच्या दाराबाहेर उभी राहून, वायर ताणून रिसीव्हर कानाला लावायची.

पहिल्या पावसाळ्यात गिरणीची लाईन चार दिवस मेली. दुसऱ्याच दिवशी आई पहिल्या गाडीने लातूरला आली आणि क्लासच्या इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दीडशे पोरं तिसऱ्या मजल्यावरून उतरताना तिच्याकडे बघत होती. मला बघून ती म्हणाली, ‘बरी हाईस ना? मग चालले.’ आणि खरंच गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभरात हे आणखी दोनदा घडलं. पोरी मला विचारायला लागल्या, ‘तुझी आई सीआयडीत आहे का गं?’ मला तेव्हा तिचा राग यायचा, दया यायची नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच होतं.

तिसऱ्या खेपेला आईने वडिलांना निक्षून सांगितलं, ‘फोनची सोय व्हत नसंल तर पोर माघारी आणा. औशात हाय की कॉलेज.’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. औशाच्या कॉलेजबद्दल माझं काही वाईट मत नव्हतं, पण लातूर सोडलं की मेडिकल सुटलं, असं आम्हा सगळ्यांना पक्कं वाटायचं.

त्याच सुमाराला वडिलांच्या हेडमास्तरांचा जावई इंग्लंडहून आला. त्याने आपला जुना मोबाईल वडिलांना असाच देऊन टाकला. वडील नवं सिमकार्ड घेऊन रविवारी लातूरला माझ्या खोलीवर आले. फोन आईसाठी होता. गावाजवळ नुकताच टॉवर उभा राहिला होता, तेव्हा गिरणीची कटकट मिटणार होती. वडिलांनी कार्ड घातलं, फोन चालू केला. पडद्यावर इंग्रजीत आलं, आठ आकडी कोड टाका.

आता इथे आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. भूकंपानंतर आमच्याकडे आकडा विचारला की सगळ्यांच्या बोटांतून एकच आकडा निघतो. वडिलांच्या सुटकेसचं कुलूप, शाळेच्या कपाटाचं कुलूप, पोस्टातल्या भावजीच्या सायकलची साखळी, सगळं भूकंपाच्या तारखेवर. कुणी ठरवून केलेलं नाही. दुसरी तारीख आठवतच नाही. तारीख, महिना आणि पूर्ण वर्ष लिहिलं की बरोब्बर आठ आकडे होतात. वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी ती तारीख टाकली. फोन नाही म्हणाला. महिना आधी घेतला, वर्ष आधी घेतलं, उलटी टाकली. चार वेळा झाल्यावर मी म्हटलं, ‘अण्णा, थांबा, इंग्लंडच्या फोनला आपला भूकंप कसा माहीत असंल?’ पण मलाही धीर निघत नव्हता. पाचव्यांदा मीच टाकली, पहिल्यासारखी सरळ, जणू पहिल्यांदा वडिलांचं बोट घसरलं असावं. त्यानंतर फोनने विचारणंच बंद केलं.

गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या दुरुस्तीवाल्याने फोन उलटासुलटा केला. ‘किती बारी नंबर टाकला?’

‘पाच.’

‘मग झालं. ह्यो फोन तिकडच्या कंपनीनं आपल्यापुरता बांधून ठेवलेला. दुसऱ्याचं कार्ड चालत न्हाई. नंबर मिळाला असता तर सुटला असता, पण तुमी पाची संधी खाल्ल्या. आता तार लावून खोलावं लागंल. माझा साडू नांदेडात हाय, त्याच्याकडं मशीन हाय. आठ दिस द्या.’

वडिलांनी आईकडून आठ दिवस मागून घेतले. मी रोज क्लास सुटला की दुकानासमोर हजर. तो मान हलवायचा. आठाचे बारा दिवस झाले. टेस्टमध्ये मी रँकच्या यादीत इतकी खाली गेले की नाव शोधायला वाकावं लागलं. रसायनाच्या वहीत समीकरणांच्या कडेला मी तीच तारीख गिरवत बसायचे. तेवढ्यात सकाळच्या फोनवर आईने सांगितलं, रविवारी वळकटी बांधून ठेव.

दुरुस्तीवाल्याकडून त्याच्या साडूचा पत्ता घेतला आणि शुक्रवारी सकाळी सहाच्या गाडीने, फोन स्वतःच आणायला, मी कुणाला न सांगता नांदेडला निघाले. बूथ सातला उघडायचा. वाटेत कुठेतरी उतरून फोन करू, असा माझा हिशेब. चाकूरला गाडी थांबली तेव्हा समोर बूथ दिसला, मी पाय खाली टाकला तोच कंडक्टर म्हणाला, ‘उतरलीस तर राहिलीस बघ.’ मी परत बसले. नांदेडला उतरल्या उतरल्या गिरणीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. गावात लाईट नसली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की तिथे कुत्रंसुद्धा बसत नाही. दोनदा, तीनदा लावला. मग तशीच दुकानाकडे गेले.

साडूंचं दुकान पूर्वी घड्याळांचं. काचेच्या कपाटात अजून बंद पडलेली घड्याळं मांडलेली आणि त्यांच्या पुढ्यात मोबाईलचे सांगाडे. इंग्लंडचा फोन म्हणताच दाढी पिकलेल्या त्या गृहस्थांनी तो लगेच बाहेर काढला. ‘बेटा, काम कवाच झालं असतं. लाईट टिकंल तर ना. मधेच गेली तर फोन कायमचा मरतो, म्हणून हात लावला न्हाई. बस, बारा वाजता येतीया.’

मी बसले, उठले, परत बसले. दुकानातली चार घड्याळं चार वेगवेगळ्या वेळा दाखवत होती, त्यामुळे किती वाजले तेही धड कळेना. लाईट आली तशी त्यांनी फोनला तार जोडली, संगणकावर एक निळी पट्टी सरकायला लागली आणि ते म्हणाले, ‘टेबलाला धक्का लावू नको.’ मी टेबलापासून लांब सरकून बसले. पट्टी पुरी झाली. त्यांनी मी सोबत आणलेलं नवं कार्ड घातलं. पडद्यावर आपल्या इथल्या कंपनीचं नाव आलं आणि कडेला रेंजच्या पाच काड्या उभ्या राहिल्या.

‘लाव कुणाला तरी. तपासून घे.’

गिरणी वाजत राहिली. दुसरा पाठ असलेला नंबर एकच होता, माझ्या खोलीशेजारच्या बूथचा. बूथवाल्या काकांनी आवाज ओळखला. ‘अगं, कुठं हाईस तू? सकाळचा फोन न्हाई म्हणून तुझी आई आली. क्लासात न्हाईस, खोलीवर न्हाईस. बाई दहा वाजल्यापासून रस्त्यावर बसलीय. पाणीसुदीक घेईना.’

काकांनी आईला हाक मारली, मग वायर ताणल्याचा आवाज आला. ती बूथच्या बाहेर उभी होती, मला दिसत नसली तरी माहीत होतं. मी शिव्यांची वाट बघत होते.

‘आत हाईस का बाहेर?’ आई म्हणाली.

मी वर बघितलं. डोक्यावर स्लॅब, त्यावर आणखी दोन मजले. मी फोन कानाला धरून उठले, दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. एक रिक्षावाला ओरडून गेला.

‘बाहेर हाय, आई,’ मी म्हणाले. लातूरला राहायला गेल्यापासून पहिल्यांदा ते खरं होतं, आणि मला रडू आवरेना.

लातूरला पोचायला दिवस कलला. आई खोलीसमोर, रस्त्याच्या पलीकडे बसली होती. मांडीवर रिकामी पिशवी होती, माझं सामान भरायला आणलेली. मी फोन तिच्या हातात दिला. ‘हा तुझा. सुटला आता. कोणतं बी कार्ड चालतंय. उद्यापासून घरी बसून बोल.’

तिने तो उलटसुलट पाहिला. बटणांवरून अंगठा फिरवला, पण दाबलं एकही नाही.

‘वर माती-दगड असंल तरी ह्यातनं आवाज येतो का?’

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. रेंज, लहरी, अडथळे, सगळं नुकतंच शिकलेली. मला उत्तर माहीत नव्हतं.

‘येतो,’ मी म्हणाले.

‘आन कुठनं येतो ते कळतं?’

‘कळतं.’

तिने पिशवीची घडी घालून ती कमरेला खोचली आणि फोन माझ्या हातात परत दिला. ‘मग तुझ्यापाशी ठेव. उशाशी ठेवत जा. मला काय करायचाय? मी तर बाहेरच असते.’