अमावस्येच्या दोन जागा
पोरी, जरा कान इकडं कर, आणि एकटीच विमानानं ये म्हणून सारखी माझ्या मागं लागू नकोस, किती वेळा सांगायचं तुला! आज कांडपातनं मिरची कुटून लाल चटणी आणली, डबा उघडला आणि त्या वासानं तो दिवस पुन्हा समोर उभा राहिला. शिरोलीच्या फौंड्रीत जन्म काढून तुझ्या वडिलांची कंबर कायमची गेलती. विमानात आडवं झोपून जाता आलं तरच लेकीकडं अमेरिकेला न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. झोपायची जागा असलेला बिझनेस क्लास आपल्याला कुठला परवडायला, म्हणून तू चार वर्षं किराणा, पेट्रोल, सगळं एकाच क्रेडिट कार्डावर घेऊन फुकट तिकिटासाठी पॉइंट साठवलेस. त्या सकाळी मी तुझ्यासाठी अशीच चटणी डब्यात दाबून भरत होते, हात लालभडक, आणि तुझा फोन आला, "आई, पॉइंटवर झोपायच्या दोन जागा सुटल्यात. आत्ता हो म्हण!" मी म्हटलं, "आज अमावस्या हाय. उद्या कर की." हे कॉटवरनं ओरडले, "अगं, विमानाला कसली अमावस्या? व्हय म्हण तिला!" मी ऐकलं न्हाय. दुसऱ्या दिवशी त्या जागा दुसऱ्याच कुणी घेतल्या होत्या. तू वर्षभर रोज बघत राहिलीस, पण पुन्हा दोन जागा काही सुटल्या नाहीत, आणि नातवाला एकदाही मांडीवर न घेता हे गेले. तुझे पॉइंट अजून तसेच पडून आहेत म्हणतेस, पण शेजारची जागा रिकामी बघत मला एकटीला नाही गं झोप लागायची. तूच ये लेकराला घेऊन, लवकर ये, अमावस्या असली तरी ये.