विहिरीकडे निघालेलं ऑइल

सोमाजी उंदिरवाडे स्वस्थ बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवता जेवता तो उठायचा आणि गाईचं दावं नीट आहे की नाही ते बघून यायचा. चहा बशीत ओतून अंगणात फिरत प्यायचा. मुलचेऱ्याच्या स्टँडवर सवाऱ्या भरेपर्यंत बाकीचे जीपवाले झाडाखाली पत्ते कुटत. सोमाजी तेवढ्या वेळात काच पुसून, चाकांची हवा बघून, पुन्हा काच पुसायला लागलेला असे. तरुणपणी तो बांबूच्या ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. पुढे लिलावात निघालेली एक जुनी जीप त्याने घेतली आणि मुलचेरा, आलापल्ली, एटापल्ली असा फिरू लागला. त्याची बायको गिरजाबाई म्हणायची, जीप तरी थांबते.

त्याचं घर गल्लीच्या वळणावर, पंचायतीच्या विहिरीला लागून होतं. ही विहीर व्हायच्या आधी गावात प्यायच्या पाण्याची एकच विहीर होती, कुणब्यांच्या बाजूला, बायनाबाईच्या घरासमोर. सोमाजीची आई तिथे पाण्याचा रिकामा गुंड घेऊन बाजूला उभी राहायची. कुणाला वाटलं तर वरून पाणी ओतून द्यायचं, नाही वाटलं तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. छप्पन साली बाप चांद्याहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, घरातले देव नाल्यात सोडले, तरी आईचं ते उभं राहणं लगेच संपलं नाही. सोमाजीने ते तिच्या लुगड्याला धरून पाहिलं होतं. पुढे पंचायतीची विहीर झाली, बायनाबाईच्या घरासमोरची आटत गेली, आणि सगळं गावच या वळणावर येऊ लागलं. विहिरीच्या ओट्यावर शेवाळ दिसलं की सोमाजी ते घासायचा. कुणी सांगितलेलं नसायचं.

शहाऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. बायनाबाईच्या नातवाचं लग्न एटापल्लीला ठरलं होतं आणि रविवारी सकाळी नवरदेवाला घेऊन सोमाजीची जीप निघायची होती. शनिवारी दुपारी त्याने इंजिनातली ऑइल बघायची पट्टी ओढून पाहिली तर ऑइल डांबरासारखं काळं झालेलं. आलापल्लीच्या मेकॅनिककडे जायचं म्हणजे तिथे त्याचा हात रिकामा होईपर्यंत बसायचं. ते सोमाजीला जमणारं नव्हतं. त्याने पुढची चाकं दोन ओंडक्यांवर चढवली, इंजिन थोडं तापवलं, खाली घमेलं सरकवलं आणि चेंबरचा बोल्ट काढला. ऑइल आधी धारेने आलं, मग बारीक झालं, मग थेंब थेंब गळायला लागलं.

शेवटचा थेंब पडेपर्यंत बसून राहायचं, एवढंच काम उरलं होतं. सोमाजीला तेवढंही बसवलं नाही. गोठ्याच्या कुडाचा एक बांबू निसटला होता, तो बांधायला तो मागे गेला. बांबू बांधून झाला, मग दुसराही सैल वाटला. तेवढ्यात शेजारची बकरी जीपखाली शिरली आणि तिचा पाय घमेल्याच्या काठावर पडला.

तो परत आला तेव्हा घमेलं पालथं पडलं होतं. अंगणाचा उतार विहिरीकडे होता. काळं ऑइल सारवलेल्या जमिनीवरून एका रेघेत निघून थेट ओट्याच्या पायथ्याशी पोचलं होतं. ओट्याला तिथे एक जुनी भेग होती.

सोमाजीने गिरजाबाईला हाक मारली. तिने चुलीतली राख आणली, त्याने धानाच्या कोंड्याचं पोतं फाडून त्या रेघेवर ओतलं. दोघांनी गोणपाटाच्या तुकड्यांनी कोंडा दाबून दाबून ऑइल शोषून घेतलं, काळा झालेला कोंडा पोत्यात भरला, पुन्हा नवा टाकला. ओट्यावर राख घासली. फावड्याने अंगणाची माती वीतभर खोल काढून ढीग केला. अंगणात खड्डा पडला, पण ऑइलचा डाग राहिला नाही. भेगेत मात्र चिंधी बोटाएवढीच आत जात होती आणि दर वेळी काळी होऊन बाहेर येत होती.

तो कठड्यावर पालथा पडून विहिरीत बघू लागला. पाणी खाली गेलेलं होतं, त्यात आभाळ दिसत होतं. तवंग दिसत नव्हता. त्याने बादलीभर पाणी काढून पितळी परातीत ओतलं, उन्हात धरलं, वास घेतला. काही नाही. पुन्हा बादली सोडली.

"दिसून नाई राह्यलं तं कायले जीव जाळता?" गिरजाबाई म्हणाली.

त्याने दुसरी परात ओतून दिली. तिसरी परात उन्हात धरली.

तेवढ्यात लग्नघरच्या बाया गुंड घेऊन आल्या. पुढे बायनाबाई. घरी पाहुणे उतरले होते आणि पाणी भरपूर लागणार होतं. सोमाजी कठड्यावरून उठला आणि रहाटाच्या चाकाखाली, दोरापुढे उभा राहिला. त्याने सांडलेल्या ऑइलचं सगळं सांगितलं आणि आज इथलं पाणी नेऊ नका म्हणाला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. बायनाबाईने कमरेवरचा गुंड खाली ठेवला.

"सोमा, तुह्या मायले आमी असंच थांबवलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणखी काहीही नव्हतं.

सोमाजीचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते कुठे ठेवावे ते त्याला समजेना. "थांबवून नाई राह्यलो, बाई," तो म्हणाला. "पाणी पाहून राह्यलो."

बाया शाळेजवळच्या बोरिंगवर गेल्या. तिथलं पाणी लोखंडाच्या चवीचं, आणि दांडा मारून मारून खांदे दुखायचे. थोड्याच वेळात बायनाबाईचा मुलगा मुखरू आला. नवरदेवाचा बाप तोच. लग्नाच्या आदल्या दिवशीच बरं ऑइल सांडलं, असं तो म्हणाला, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या दोघांनी मान हलवली. बोलणं वाढायला लागलं. एकाने तर विहीर बाटवली असा शब्द वापरला, आणि तो शब्द ऐकून गिरजाबाई आतून बाहेर आली.

सोमाजी भांडला नाही. त्याने दोर हातात घेतला आणि विहीर उपसायला सुरुवात केली. बादली वर, पाणी गल्लीपलीकडच्या नालीत, बादली खाली. गिरजाबाईने पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने दोर धरला. मार्चमधली विहीर झाली म्हणून काय, दोन माणसांच्या हाताने झऱ्यांच्या पुढे जाता येत नाही. मुखरू उभा राहून बघत होता. पाणी चांगलं दिसतं, कायले उपसता, असं तो दोनदा म्हणाला.

बोरिंगवरून परतलेल्या बायनाबाईने त्याला शेतातलं इंजिन आणायला सांगितलं. तो नाही म्हणाला, घरात पाहुणे आहेत म्हणाला. तिने पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच आवाजात.

बैलगाडीवरून डिझेल इंजिन आलं. सोमाजीने ते विहिरीजवळ उतरवूच दिलं नाही. तेही गळतं, म्हणाला. मुखरूने शिवी दिली, पण इंजिन गल्लीच्या पार पलीकडे ठेवलं, पाइप जोडून लांबवला, आणि सोमाजीने त्याच्याखाली कोंड्याची दोन पोती पसरली. ते धडधडायला लागल्यावर सगळं गाव गोळा झालं. पाणी उतरत गेलं, दगड उघडे पडले, आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवर असतानाच तळाचा गाळ दिसला.

सोमाजी आणि मुखरू दोराला धरून खाली उतरले. भेगेच्या बाजूची बांधणी दगड दगड करून सोमाजी बघत होता. मुखरूलाच ते आधी दिसलं. वरून चौथ्या थराच्या सांध्यातून, शेवाळावरून, तळहाताएवढ्या रुंदीचा काळा ओघळ खाली आला होता. उपसण्याआधी पाणी जिथवर होतं तिथून तो वीतभर वर थांबला होता. मुखरूने बोट लावलं, बोटाला चिकटलं, त्याने ते नाकाशी नेलं.

डोक्याचा शेला सोडून त्याने त्याच शेल्याने दगड पुसायला घेतला. सोमाजीने खुरप्याने शेवाळ खरवडलं, सांध्यात कोंडा ठासला, ओला काढला, पुन्हा ठासला. शेवटी आत चिकणमाती भरली. वर आले तेव्हा मुखरूने लोकांना तो शेला दाखवला. मघाचा तो शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

रात्रीच्या पंगतीचा भात बोरिंगच्या पाण्याने पिवळट झाला. पाहुण्यांनी विचारलं, बायनाबाईने खरं सांगून टाकलं. सकाळपर्यंत विहिरीत गुडघाभर पाणी झरलं होतं. सोमाजीने नवं ऑइल भरलं, बोल्ट तीनदा तपासला आणि नवरदेवाला घेऊन निघाला. एटापल्लीच्या मांडवात बायनाबाईने त्याला आपल्या लोकांच्या पंगतीत, मुखरूच्या शेजारी बसवलं. पंगतीत दोघातिघांची कुजबुज झाली. तो बसला, पण बुंदी यायच्या आधी उठला. इंजिनाखाली थेंब पडला आहे का, ते बघायला गेला. पडला नव्हता.

पुढे त्याने ओट्याची भेग सिमेंटने बुजवली. ऑइल बदलायला तो गावाबाहेरच्या मुरमाड माळावर जाऊ लागला, खाली टिनाचा पत्रा टाकून, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथेच उकिडवा बसायचा. काढलेलं ऑइल डब्यात भरून मुखरूकडे द्यायचा. बैलगाडीच्या आसाला ते चालायचं.

लग्नघरच्या बाया दोन दिवसांत विहिरीवर परतल्या. आधी याच विहिरीवर येणाऱ्या देवाजीच्या घरच्या मात्र आल्या नाहीत. देवाजीचं घर विहिरीच्या समोरच होतं, तरी त्याच्या सुना बोरिंगवर जायच्या. ऑइलचं नाव देवाजीने कधी काढलं नाही, बोरिंगचं पाणी पोटाला मानवतं एवढंच म्हणायचा. पाऊस येऊन विहीर भरली, दिवाळी झाली, तरी तसंच. सोमाजी सकाळी जीप पुसताना त्या दाराकडे बघायचा. सुना गुंड घेऊन निघायच्या, वळणाशी यायच्या आणि शाळेकडे वळायच्या.

"एक डाव विचारून तं पाहा देवाजीले," गिरजाबाई म्हणायची.

विचारतो, असं तो म्हणायचा आणि फडकं घेऊन दुसऱ्या बाजूची काच पुसायला जायचा.