दोन गाड्या आणि डावी बाजू

जुनी गाडी बदलून नवी घ्यायची तर याच वर्षी, असं माझ्या यजमानांनी दिवाळीनंतर ठरवलं. आम्ही सानगडीला राहतो. त्यांचा धानाचा व्यापार, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्याकडे ज्यांच्या हातात पैसा आला त्यांनी उंच, जीपसारख्या गाड्या घेतल्या. यांना मात्र सेडान हवी होती. फार लांब नको, आटोपशीर, पण आत बसल्याबरोबर कळावं की गाडी भारीतली आहे. त्यांचे वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली काम करायचे. खाणीच्या साहेबाची बुटकी, चकचकीत गाडी कॉलनीतून जायची तेव्हा सगळे रस्ता सोडून उभे राहायचे. तसली गाडी एकदा स्वतः चालवायची, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षीच मला सांगितलं होतं.

नागपूरच्या दोन शोरूमनी घरी गाडी आणून दाखवायची तयारी दाखवली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, जवळपास एकाच किमतीच्या गाड्या. एका रविवारी पहिली आली, राखाडी रंगाची. सोबत पांढऱ्या शर्टातला एक सेल्समन, तिशीतला, अतिशय अदबीने बोलणारा. तो पुढे डावीकडे बसला, मी मागे. साकोलीपर्यंत जायचं, तिथून मोठ्या हायवेने लाखनीच्या दिशेने थोडं पुढे आणि परत, असं ठरलं.

गाडी सुंदर होती, यात शंका नाही. खड्ड्यावरून गेली तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं. यजमान खूश होते. हायवेला लागल्यावर मात्र गाडी वाजायला लागली. आधी नुसती टुंटुं, मग स्टिअरिंग थरथरायला लागलं.

"हे काय होऊन राहिलं?" यजमान म्हणाले.

"सर, समोरच्या काचेत कॅमेरा आहे. गाडी रस्त्याच्या पट्ट्याबाहेर जायला लागली की ती सांगते."

"मी तर सिद्धाच जाऊन राहिलो."

सेल्समन हसला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. दरवेळी डावीकडचाच पट्टा. लाखनीच्या अलीकडे एक सायकलवाला रस्त्याच्या कडेने चालला होता, मागे गवताचा भारा. मी त्याला बरंच आधी पाहिलं होतं. यजमानांनी वेग कमी केला नाही. अचानक डॅशबोर्डवर लाल दिवा चमकला आणि गाडीने स्वतःच करकचून ब्रेक लावला. आम्ही तिघेही पुढे आदळलो.

"अशी अडेल गाडी कोण घेईन?" यजमान चिडले. "मधातच थांबते!"

"सेटिंग जरा जास्त सेन्सिटिव्ह आहे सर. बंदही करता येतं," सेल्समन म्हणाला. पण त्याचा आवाज बदलला होता. परतीच्या वाटेवर त्याने गाडीचं कौतुक करायचं थांबवलं. उजवा हात हँडब्रेकवर ठेवून तो सानगडीपर्यंत नुसता रस्त्याकडे पाहत बसला. चहाही न घेता गेला.

दुसरी गाडी पुढच्या रविवारी आली, पांढरी. त्या मॉडेलमध्ये कॅमेरा वगैरे नव्हता, आणि यजमानांना तेच बरं वाटलं. या कंपनीचा सेल्समन म्हणाला, "मॅडम, तुम्ही पुढे बसा." म्हणून मी डावीकडे बसले.

तेव्हा धान निघालं होतं. आमच्या भागात लोक रस्त्याच्या कडेलाच धान वाळत घालतात आणि गाड्यांनी त्यावर येऊ नये म्हणून बाजूने दगड मांडून ठेवतात. गाव सोडल्यावर डाव्या कडेला असंच लांबवर पिवळं धान पसरलेलं होतं. गाडी हळूहळू त्या बाजूला सरकू लागली. मला वाटलं, आता वळवतील, आता वळवतील. पहिला दगड चाकाखाली आला, खाडकन उडाला, आणि मग खसखस असा आवाज करत आम्ही धानावरून जाऊ लागलो. पाठीमागून एक बाई ओरडली.

"अवो, धान!" मी म्हणाले.

"कुठं?" ते म्हणाले. नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग मान हलवत सेल्समनला म्हणाले, "टायरचा आवाज लय येते बरं का या गाडीले."

चार हात लांबीचा नाही, चांगला शंभर पावलांचा पट्टा होता तो, भर दुपारच्या उन्हात. त्यांनी चेष्टा केली नव्हती. त्यांना खरोखरच तो दिसला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला राखाडी, दुसऱ्या बाजूला पांढरी. मागच्या सीटवर पाय किती पसरतात, डिक्कीत काय मावेल, आमच्या गावच्या गतिरोधकांना बूड घासेल का, एसी किती लवकर थंड करतो, हे सगळं ते मन लावून लिहीत होते. मी पोह्यांची बशी घेऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. मुद्दाम बोलले नाही. बशी त्यांच्या खांद्याजवळ धरली, मग गालाजवळ. ते लिहीत राहिले. बशी आणखी पुढे, जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा ते दचकले.

"तू केव्हा आली व?"

"आत्ताच," मी म्हणाले. आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मागच्या वर्षभरातल्या गोष्टी एकामागून एक आठवत गेल्या. जेवताना डावीकडचा पेला हमखास सांडायचा. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा लागायचा. जुन्या गाडीचा डावा आरसा तीनदा फुटला होता आणि तिन्ही वेळा त्यांनी राईस मिलच्या ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या होत्या. मीसुद्धा त्यांच्या बाजूने भांडले होते.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुले कोणती आवडली?"

"राखाडी."

"ते तर बोंबलत राहते!"

"काही दिसलं असंल तिले, म्हणून बोंबलली. तुमाले सायकलवाला दिसला होता का? खरं सांगा."

ते उठले. मग मला अंगणात नेलं आणि समोरच्या चौकातल्या दुकानावरची पाटी, तिच्याखालची बारीक अक्षरंसुद्धा, धडाधड वाचून दाखवली. मला चष्मा लावूनही ती वाचता येत नव्हती. "माह्या डोळ्याले काही झालं नाही," ते म्हणाले. "तुले नवी गाडी नको असंल तर तसं सांग." दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून पांढरी बुक केली.

इथे मी चुकले, आणि ती चूक मी झाकणार नाही. मला कळलं होतं, तरी मी चार दिवस काही बोलले नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कमीपणा येईल असं कधी बोलले नव्हते. शिवाय जो माणूस एवढ्या लांबची पाटी वाचतो त्याला दिसत नाही, हे कोणाला कोणत्या शब्दांत सांगायचं? ते रोज जुन्या गाडीने जात होते, येत होते. गाडीचा आवाज फाटकाशी येईपर्यंत माझं शाळेच्या वह्यांत लक्ष लागत नसे.

पाचव्या दिवशी त्यांना मोहाडीला एका व्यापाऱ्याकडे जायचं होतं. मी शाळेत रजा टाकली आणि म्हणाले, मीही येते. सकाळी नऊची वेळ असेल. गावाबाहेर रस्ता डावीकडच्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून जातो. तिथे पाळीवरून एक माणूस सायकल घेऊन खाली उतरत होता. सायकलच्या मागे मासळीची टोपली, खांद्यावर ओलं जाळं. त्याने आमच्याकडे पाहून हात वर केला आणि रस्त्यावर आला. यजमान बोलत होते, मोहाडीला धानाचा काय भाव निघेल ते. वेग तोच.

मी किंचाळले आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी होत घसरली. धाड असा आवाज आला. मी दार उघडून उतरले. रस्त्यावर सगळीकडे मासे पडले होते, काही अजून तडफडत होते. सायकलचं मागचं चाक वाकून गाडीखाली गेलं होतं. तो माणूस कडेच्या गवतात बसला होता. कोपर सोलवटलं होतं, बाकी शाबूत. यजमान धावत गेले, त्याला उठवू लागले, हात जोडू लागले.

तो चिडला नाही. तेच मला जास्त लागलं. तो यजमानांकडे चमत्कारिक नजरेने पाहत राहिला.

"सेठ, मी तुमाले हात केला," तो म्हणाला. "तुमी माह्याकडंच पाहून राहिले होते. सिद्धे माह्या तोंडाकडं. मले वाटलं, थांबते सेठ."

यजमानांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तो जिथून उतरला त्या पाळीकडे, मग माझ्याकडे. गाडीची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. गावातून एकाला बोलावून आम्ही त्या माणसाला दवाखान्यात नेलं. कोपराला पट्टी झाली. सायकल आणि मासळीची भरपाई यजमानांनी स्वतः त्याच्या घरी जाऊन दिली, ते मात्र पायी गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भंडाऱ्याला गेलो. त्यांनी यजमानांना एका यंत्रापुढे बसवलं. समोर पांढऱ्या वाटीसारखा पडदा, त्यात कुठेतरी बारीक उजेड चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. एका वेळी एकच डोळा, दुसरा झाकलेला. मी दारात उभी होते. आधी उजव्या डोळ्याचं झालं. टक, टक, टक, मधेमधे खंड पडत होता. मग डावा. एकदा टक झालं आणि नंतर काहीच नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. डोकावून पाहिलं तर पडद्यावर उजेडाचे ठिपके येत होते, जात होते, आणि यजमान बटणावर अंगठा ठेवून शांत बसले होते. कोणी तरी सुरू करील, याची वाट पाहत.

काचबिंदू होता. डॉक्टरांनी छापील कागद दाखवला. डाव्या बाजूला काळं पसरलेलं आणि मधे उजेडाचा एक तुकडा राहिलेला. त्या तुकड्यातून ते पाट्या वाचत होते. "हा दुखत नाही, काही नाही, म्हणून कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "जे गेलं ते परत येणार नाही. उरलेलं सांभाळायचं."

"पण मले तिथं काळं दिसत नाही," यजमान म्हणाले. "रस्ता पूर्ण दिसते मले. सगळा रस्ता."

"मेंदू जुळवून घेतो," डॉक्टर म्हणाले. "जे दिसत नाही तिथं तो रिकामा रस्ता भरतो."

यजमानांनी तो छापील कागद घडी करून खिशात ठेवला.

पांढऱ्या गाडीचं बुकिंग रद्द केलं. राखाडीही घेतली नाही. त्यांनी गाडी चालवणं सोडलं, आणि मी एकावन्नाव्या वर्षी शिकले. सकाळ-संध्याकाळ थेंब घालतो. दर सहा महिन्यांनी भंडाऱ्याला जातो. मागच्या खेपेला काळं थोडं वाढलेलं होतं, अगदी थोडं, असं डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. हे घराण्यात उतरतं, मुलांना तपासून घ्या. आमची एकुलती एक मुलगी नागपूरला नोकरी करते आणि रोज स्कूटरने ऑफिसला जाते. मी तिला त्याच दिवशी फोन केला. "मला मस्त दिसते आई, एकदम क्लिअर," ती म्हणाली. त्यानंतर दर रविवारी मी विचारते. कधी ऑफिसचं काम असतं, कधी मैत्रिणीचं लग्न. गेल्या आठवड्यात ती घरी आली होती. जेवायला बसलो तेव्हा मी तिची डावी बाजू धरून बसले, आणि ती बोलत असताना हळूच पाण्याचा पेला तिच्या दिशेने सरकवत नेला. तिने पाहिला की नाही, मला नक्की सांगता येत नाही. ती तेव्हा हसत होती, वडिलांकडे पाहून.